मोठ्या पानाचं धाडस

इरा, प्रश्न चांगला काढलास. रस्त्याकडेच्या गाफची पानं तुझ्या नखाएवढी आणि पलीकडच्या अंगणातल्या देशी बदामाचं एकेक पान चांगलं वीतभर. ऊन दोघांनाही तेच. मग पान केवढं असावं, हे ठरवतं कोण? ओम, तूही ये इकडे. तो मोबाइल जरा चार्जिंगला लाव, त्यालाही विश्रांती मिळेल.

आधी गाफची ओळख. आपण दसऱ्याला पूजतो ती शमी, अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमी, तोच हा गाफ. इथल्या लोकांचाही त्याच्यावर फार जीव. २००८ साली अमिरातीने त्याला राष्ट्रीय वृक्ष केलं. तुमचं दुबईतलं सिलिकॉन ओएसिस उभं राहायला लागलं ते २००५च्या सुमारास. त्याआधी इथे वाळूच होती, आणि अशा वाळूत आपापल्या बळावर उभी राहणारी झाडं म्हणजे गाफसारखीच. आपली मुळं तो पार तीस मीटरपर्यंत खाली नेऊ शकतो. वर मात्र पानाच्या बाबतीत कमालीचा काटकसरी. का, ते सांगतो.

प्रत्येक पानाला हवेचा एक पातळ थर चिकटलेला असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. उन्हाने पान तापलं की त्याची उष्णता हा थर ओलांडूनच बाहेरच्या हवेत जाते. पान बारीक असलं की थर पातळ राहतो. वाऱ्याची एक झुळूक आली तरी उष्णता निघून जाते आणि पान हवेपेक्षा फारसं तापत नाही. पान रुंद असलं की मधोमध तो थर जाड होतो आणि उष्णता अडकून बसते. आता बघा, जुलैत बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते. त्यात रुंद पान आणखी पाच-सात अंशांनी तापलं, तर आतली अन्न बनवायची यंत्रणाच बिघडायला लागते. म्हणून वाळवंटातलं झाड पान लहान ठेवतं. पाण्याचा थेंबही न खर्चता थंड राहायची ही युक्ती.

मग बदामाने काय करायचं? त्याच्याकडे एकच उपाय. घाम गाळायचा.

पानाच्या खालच्या बाजूला हजारो बारीक तोंडं असतात, त्यांना रंध्रं म्हणतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि जाताना पानातली उष्णता घेऊन जाते. किती, ते ओमला आवडेल असं आकड्यांत सांगतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे झाडाने एक लिटर पाणी उडवलं की दोन तृतीयांश युनिटाएवढी उष्णता पानांवरून गेली. समज, बऱ्यापैकी वाढलेल्या बदामाने दिवसभरात ३० लिटर उडवलं, तर २० युनिटं झाली. ना कॉम्प्रेसर, ना आवाज. बिल मात्र येतं, ते पाण्याचं. त्याच्याकडे मागाहून येऊ.

म्हणून तर पार्किंगवरच्या पत्र्याची सावली आणि झाडाची सावली यांत फरक असतो. पत्रा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापतो आणि ती झळ खाली आपल्या डोक्यावर सोडतो. पान ऊन अडवतं, त्यातलं थोडं खाऊन टाकतं, बरंचसं पाण्याच्या वाफेबरोबर वर धाडून देतं आणि स्वतः हवेच्या तापमानाच्या आसपासच राहतं. सावली सावलीत भेद असतो, तो असा. विश्वास नसेल तर दुपारी दोन्हींखाली दोन-दोन मिनिटं उभे राहून या. टोपी घालून. तुमची आजी मला बोलेल नाहीतर.

“पण आबा, पाणी वर चढतं कसं? झाडाला तर मोटर नाही.”

शाबास. हा प्रश्न मोठमोठ्यांना छळत होता. १८९४ साली डब्लिनमधल्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली या दोघांनी त्याचं उत्तर मांडलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वर रंध्रातून एक रेणू वाफ होऊन निसटला की मागचा त्याच्या जागी ओढला जातो, त्याच्यामागे आणखी एक, आणि अशी ही ओढ पार मुळापर्यंत पोचते. म्हणजे खालून कुणी पाणी ढकलत नाही, वरून सूर्यच ते ओढून घेतो. पण ओढ फार झाली आणि मुळाशी पाणी पुरेना, तर पाण्याच्या या धाग्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. मग खोडातली ती बारीक नळी निकामी. ही आपत्ती टाळायला झाड भर दुपारी रंध्रं मिटून घेतं. इथे उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर उघड्यावरची कामं दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवायचा नियम आहे ना? बदामही असाच नियम पाळतो, फक्त वेळ तो स्वतः ठरवतो.

तर मोठं पान म्हणजे पाण्यावर टाकलेला भरवसा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे हा भरवसा रास्त. दुबईत शंभरच्या आसपास. इथे बदाम लावायचा तर पावसाची जागा माणसाने घ्यायची. ते जमणार नसेल तर गाफ लावा, कडुनिंब लावा, पण उगाच बदामाचे हाल करू नका. माझं हे मत तुमच्या बाबाला कडक वाटतं. वाटू दे.

मग इतक्या झाडांत मी बदामाचीच बाजू का घेतो? वाढतो भराभर, हे एक. पाणी मिळालं तर लहान वयात वर्षाला मीटरभर सहज चढतो, कधी जास्तही. पण खरं कारण दुसरं आहे. हे झाड खारटपणाला भीत नाही.

बदामाचं घर म्हणजे समुद्राचा काठ, आग्नेय आशियापासून पॅसिफिक बेटांपर्यंत. फळ पिकून वाळलं की त्याचा गर आणि कवच यांच्यामध्ये बुचासारखा हलका थर राहतो, आणि फळ पाण्यावर महिनोन्महिने तरंगतं. लाटांबरोबर जातं, कुठेतरी वाळूवर लागतं, रुजतं. इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी १८८३ साली फुटला तेव्हा बेट राखेखाली गाडलं गेलं, हिरवं म्हणून काही उरलं नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या काठावर जी झाडं पुन्हा उभी राहिली, त्यांत आपला बदाम होता. कुणी लावला नव्हता, समुद्रानेच आणून टाकला होता. आता गंमत बघा. तुमच्या नळाला येणारं पाणीसुद्धा समुद्राचंच, जेबेल अलीला मीठ काढून घेतलेलं. समुद्रावरून फिरणाऱ्या झाडाला इथे समुद्रच पाजतो आपण, फक्त गाळून.

(हा बदाम आणि खिरीतला बदाम यांचं काही नातं नाही बरं का. खिरीतला तो गुलाबाच्या कुळातला, हिवाळ्यात थंडी पडणाऱ्या मुलखातला. आपला हा देशी बदाम हिरडा, बेहडा, अर्जुन, ऐन आणि किंजळ यांचा सख्खा भाऊ.)

या घराण्यातला आणखी एक नातलग तुम्ही रोज बघता. कंपाउंडला लागून हिरवीगार भिंत उभी असते ना, ती बहुतेक वेळा कोनोकार्पसची. मूळचा सोमालिया-येमेनकडचा. तोही झपाट्याने वाढतो, धुळीला भीत नाही, कात्रीने कसाही कापला तरी फुटतो. म्हणून आखातभर लावला गेला. पण पाण्याच्या शोधात त्याची मुळं पाइपांत शिरतात, त्यामुळे आता लोक त्याला वचकून असतात. गुजरात सरकारने तर २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. झटपट वाढ हवी, पण मुळं कुठे जाणार हे विचारायचं नाही, त्याचा हा परिणाम.

आता इराचा लाडका भाग. बदामाला मजले का असतात?

बुंध्याकडे नीट पाहा. झाड काही काळ सरळ वर चढतं, मग थांबतं, आणि एकाच उंचीवर चार-पाच फांद्या चहूबाजूंनी आडव्या सोडतं. पुन्हा चढतं, पुन्हा थांबतं, पुन्हा फांद्यांचं कडं. देवळापुढच्या दीपमाळेला जसे हात फुटलेले असतात ना, थेट तसं. आता एखादी आडवी फांदी निरखा. ती थोडी पुढे जाते आणि तिचं टोक वर वळतं. तिथे पानांचा गोल गुच्छ उभा राहतो. फांदीची पुढची वाढ तिथे जवळजवळ थांबते. मग त्या गुच्छाच्या खालच्या डोळ्यातून नवी फांदी निघते, कधी एक, कधी दोन. ती पुढे जाऊन पुन्हा वर वळते, पुन्हा गुच्छ. असं करत करत एका मजल्यावर पानांच्या गोल गुच्छांची नक्षी पसरते.

या नक्षीवर दोन माणसं बेहद्द खूश झाली. एक जपानचे हिसाओ होंडा, दुसरे मायामीच्या फेअरचाइल्ड उद्यानातले जॅक फिशर. ओम, हे तुझ्यासाठी. त्यांनी फांद्या मोजल्या, कोन मोजले आणि ते सगळं संगणकाला शिकवलं. पानांचा प्रत्येक गुच्छ म्हणजे एक वर्तुळ धरलं. मग विचारलं, फांदी दुभंगताना दोन्हीकडचे कोन किती ठेवले तर ही वर्तुळं एकमेकांवर कमीत कमी चढतील आणि जास्तीत जास्त ऊन मिळेल? संगणकाने हजार प्रकारे फांद्या हलवून उत्तर काढलं. ते उत्तर खऱ्या बदामाच्या कोनांच्या अगदी जवळ निघालं. १९७८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ते छापलं. आणि दोन्ही बाजूंचे कोन सारखे नव्हते बरं, एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त. सारखे ठेवले असते तर चित्र सुबक दिसलं असतं, पण पानावर पान आलं असतं.

तुमच्या या वसाहतीत दिवसभर सगळे संगणकापुढे बसून हेच करतात ना? जागा थोडी, काम जास्त, मांडणी कशी करायची? बदामाने ते काम कागदपेन्सिलीशिवाय कधीच उरकून ठेवलंय. आणि आपल्याला सावली एवढी दाट का मिळते, तेही यातच आलं. जे ऊन पानाला मिळालं, ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. बदाम आपल्यासाठी सावली करत नाही, तो एकही कवडसा वाया घालवत नाही इतकंच.

म्हणून तुमच्या बाबाला सांगा, शेंडा छाटायचा नाही. बाल्कनीपर्यंत आला की छाटू या, असं तो म्हणाला परवा. शेंडा गेला की मजल्यांचा हिशेबच मोडतो. खालून उभे उभे फुटवे सुटतात, गर्दी करतात, कमकुवत राहतात आणि वाऱ्यात फाटतात. जागा कमी असेल तर आधीच विचार करायचा. भिंतीपासून आणि पाण्याच्या, सांडपाण्याच्या वाहिन्यांपासून पाच-सहा मीटर लांब जागा बघायची आणि वसाहतीच्या कार्यालयाला विचारून मगच कुदळ मारायची. खालचा मजला डोक्याला लागायला लागला की तेवढ्या फांद्या बुंध्यालगत स्वच्छ कापाव्यात, दर वर्षी थोड्या थोड्या. झाडाला उंच छत द्यायची ही एकच रीत मला मान्य आहे.

आता तुमच्या बदामाचं रोप कुठून आणायचं? आजीचा बेत होता, वेंगुर्ल्याहून पिशवीत घालून आणायचा. मी नको म्हटलं. माती आणि रोपं एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तर वनस्पती निरोगी असल्याचा दाखला लागतो, आणि तो नियम उगाच नाही. आपल्या माडांना पोखरणारा सोंड्या भुंगा माहीत आहे? १९८०च्या दशकात तो आखातात पोचला आणि इथल्या खजुरांचा काळ झाला. झाडांबरोबर कोण प्रवास करतं, हे सामान तपासणाऱ्याच्या डोळ्यांनासुद्धा दिसत नाही. वरसानकडे रोपवाटिका आहेत, तिथलं रोप घ्या. उंचीवर भाळू नका. कुंडीत मोठं झालेलं रोप बहुधा आत मुळांचा वेढा घेऊन बसलेलं असतं. तो वेढा तसाच जमिनीत गेला तर मुळं बाहेर पडायचं विसरतात. तेव्हा लावताना ती हाताने सोडवायची, फारच गुंडाळलेली असतील तर चाकूने दोन-तीन चिरा द्यायच्या. कमरेएवढं, जाड बुंध्याचं रोप सगळ्यांत बरं.

लावायचं ऑक्टोबर उलटल्यावर. मग मुळांना पुढचे पाच-सहा महिने थंडीचे मिळतात. खड्डा खोलीपेक्षा रुंदीला जास्त घ्यायचा, वाळूत कुजलेलं खत मिसळायचं. सगळाच खड्डा खताने भरू नका, मुळं तिथेच ऐश करत बसतील. आणि बुंध्याभोवती चांगलं रुंद आळं.

पाण्याचं तंत्र मात्र नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेक जण फसतात. रोज दहा मिनिटं ठिबक सोडलं की वरची चार बोटं वाळू भिजते. मुळं शहाणी असतात, जिथे पाणी तिथे जमतात. म्हणजे सगळी मुळं वरच्या वर, बुंध्याच्या जवळ. एक दिवस ठिबक बंद पडलं की झाड आडवं. सोसाट्याचा वारा आला तरी आडवं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे रोज पाणी, आणि मग हळूहळू अंतर वाढवत न्यायचं, पण देताना भरपूर द्यायचं, पाणी हातभर खाली उतरेल इतकं. उन्हाळ्यात अंतर पुन्हा कमी. झाड पसरेल तशा ठिबकच्या नळ्याही बाहेर सरकवायच्या, फांद्यांच्या टोकांच्या खाली. पाणी पिणारी कोवळी मुळं तिकडे असतात, बुंध्याशी नाहीत.

भरपूर पाण्याचं दुसरं कारण क्षार. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. साचत गेले की पानाच्या कडा करपतात, तपकिरी होतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, आणि ते पुन्हा थोडं थोडं शिंपडतात. क्षार आणखी वाढतात. बदाम खारं पाणी सोसतो, पण समुद्रकाठी पाऊस येऊन वाळू धुऊन जातो. इथे धुणारं कोण? अधूनमधून आळं तुडुंब भरून क्षार खाली ढकलायचे. २०२४च्या १६ एप्रिलला हे काम आभाळानेच केलं होतं. अल ऐनजवळच्या खत्म अल शकला भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. पण अशा पावसाच्या भरवशावर बागकाम होत नाही.

आणि पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर घाबरून पाणी वाढवू नका. इथल्या वाळूत चुना भरपूर. त्या मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा मातीत चालणारं चिलेटेड लोह रोपवाटिकेत मागून घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढंच द्या. अंदाजाने मूठभर जास्त टाकायची सवय तुमच्या घराण्याला आहे, मला माहीत आहे.

आता पुढच्या जानेवारीत तुम्ही मला फोन कराल की आबा, पानं लाल झाली, झाड आजारी पडलं. नाही रे बाबांनो. थंडी लागली की बदाम जुन्या पानांतला नायट्रोजन आणि असं बरंच काही माघारी ओढून घेतो. हिरवं द्रव्य मोडून पडतं आणि पानात तांबडा रंग तयार होतो. तो का, यावर अजून चर्चा चालते. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की आवरासावर चालू असताना नाजूक झालेल्या पानाला उन्हाचा चटका बसू नये म्हणून हा रंग आडोसा धरतो. मग ती तांबडी पानं एकेक करून गळतात आणि नवी पालवी येते. गळलेली पानं काळ्या पिशवीत भरून कचऱ्यात देऊ नका. आळ्यात पसरा, बोट-दोन बोटं जाडीचा थर, पण बुंध्याला टेकू न देता. वाळू थंड राहते, पाणी उडत नाही, आणि हळूहळू तिची माती होऊ लागते. गाडी पुसणारे काका कुरकुरतील, त्यांना चहा द्या.

“आणि बदाम कधी खायचे?”

तीन-चार वर्षं थांबा. आधी पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे येतील. वास काही खास नाही, नाक मुरडाल. तुऱ्यावरची बहुतेक फुलं नुसती नर असतात, फळ धरू शकणारी थोडीच, तीही खालच्या बाजूला. म्हणून एवढ्या फुलांतून फळं मोजकीच. बाहेरचा आंबटगोड गर इथले लोकही आवडीने खातात, अमिराती आणि ओमानी याला बिदामच म्हणतात. आमच्याकडे तो गर रात्री वटवाघळं खायची आणि कोयी अंगणात टाकून जायची. आम्ही पोरं सकाळी त्या गोळा करून फोडायचो. आतला दाणा करंगळीच्या पेराएवढा, पण चव अस्सल. कवच भलतंच टणक असतं. ओम, तू ते दाराच्या फटीत धरून फोडायला जाशील, दार बिघडेल. सरळ जमिनीवर उभं धरायचं आणि कडेवर एकच घाव. वरवंटा आजीकडून मागून घे, आणि परत नेऊन ठेव.